उभं राहण्याचं काम

पाटावरून उठायचं होतं, एवढंच. मांडीवर पोर, समोर झेंडूच्या माळा लावलेला पाळणा आणि भोवती गल्लीतल्या चाळीसेक बायका. माझ्या मुलीचं बारसं होतं. सिझर झालं होतं म्हणून बाराव्या दिवसाऐवजी सव्वा महिन्यानं ठेवलेलं. माझी नणंद शकुंतला नाव ठेवायला पाळण्याच्या पलीकडं उभी होती.

"उठ गं, दे बाळाला वन्संच्या हातात," कुणीतरी म्हणालं.

मी पोरीला छातीशी धरलं, एक पाय पुढं रोवला आणि जोर लावला. पायानं ऐकलंच नाही. कशीबशी अर्धी उठले तोवर मांड्या लटलट कापायला लागल्या, गुडघे आपोआप दुमडले आणि मी पोरीसकट पाळण्यावर कोसळले. शकुंतलावन्संनी झडप घालून पोर ओढून घेतली म्हणून ती वाचली. माझं कपाळ पाळण्याच्या दांडीवर आदळलं.

मग कुजबुज सुरू झाली.

"अगं बाई, पाडली असती की पोरीला!"

"सासूनं सहा महिने तळहातावर जपली, आणि ही अशी."

तुला लागलं का, असं एकीनंही विचारलं नाही. बाहेरच्या खोलीत पुरुष बसले होते, तिथून माझे यजमान आत आले. त्यांनी आधी पोरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि सगळ्या बायकांच्या देखत आपल्या आईला म्हणाले, "आई, आजपासून पोर हिच्या हातात उभ्यानं द्यायची नाही. ही खाली बसली असली तरच पाजायला द्यायची."

मी पाटावर तशीच बसून होते. वय सत्तावीस.

ह्या गोष्टीला आता अठरा वर्षं होतील. पण त्याच्या वर्षभर आधी मी कोण होते ते सांगायला हवं, नाहीतर माझा संताप कुणाला कळायचा नाही. मी एसटीत कंडक्टर होते. सांगोल्याच्या डेपोतल्या पहिल्या चार-पाच बायकांमधली एक. सांगोला ते आटपाडी, सांगोला ते जत, खड्ड्यांचे रस्ते, बाजाराच्या दिवशी गाडीत ऐंशी माणसं, त्यात कोंबड्या, कडब्याच्या पेंढ्या. खांद्याला पैशाची पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे, आणि आठ-आठ तास उभं. घाटाच्या वळणावर गाडी कलंडायला आली तरी मी दांडी न धरता तिकीट फाडत असे. बरोबरचे ड्रायव्हर मुलाणीभाऊ म्हणायचे, "ताई, तुमच्या पायाला मुळं आहेत."

यजमानांचं, म्हणजे शहाजीरावांचं, बसस्टँडसमोरच खतांचं आणि औषधांचं दुकान. लग्नाच्या आधी माझी नोकरी त्यांना चालली. लग्नानंतर नोकरी तीच राहिली आणि गाडीही तीच. पण आता ती त्यांच्या बायकोला घेऊन रोज त्यांच्या दुकानावरून जायला लागली.

माझी दोन गरोदरपणं तिसऱ्या महिन्यातच गेली. तिसऱ्या वेळी पुन्हा तिसऱ्याच महिन्यात अंगावर जायला लागलं तेव्हा मी रजा टाकली. डॉक्टर बागवानबाईंनी पंधरा दिवस पडून राहायला सांगितलं. पंधरा दिवसांत थांबलं. तरी शहाजीराव म्हणाले, अजून थोडं. मीही घाबरलेली होते, म्हटलं, अजून थोडं. दिवसभर कॉटवर पडायचं आणि संडास-बाथरूमला तेवढं उठायचं. संध्याकाळी मागच्या दारात जाऊन दोन घटका बसायचं. तेवढंच माझं हिंडणं.

पाचव्या महिन्यात एका दुपारी ते स्टीलचं भांडं घेऊन घरी आले. पेशंटला झोपल्या जागी देतात ते.

"सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरांना तुझी फाईल दाखवली," ते म्हणाले. "त्यांनी सांगितलंय, दिवस भरेपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही. अजिबात."

"पण बागवानबाई तर म्हणाल्या…"

"बागवानबाई म्हणाल्या होत्या आधी दोन वेळेला पण. राहिलं का?"

माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, त्यांनी पदर खोचला आणि भांडं हातात घेतलं. त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेले. तरी साडेचार महिने ती बाई दिवसातून चार-पाच वेळा माझं भांडं उचलून मागच्या दारी नेत होती. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मला खायला घालायच्या, केस विंचरायच्या, कुशीवर वळवायच्या. मी लाजेनं भिंतीकडं तोंड करायची.

तपासणीला गाडीतून न्यायचे. गाडीपासून टेबलापर्यंत मी यजमानांच्या खांद्यावर भार टाकून जायची. बागवानबाई विचारायच्या, "घरात हिंडतेस ना?" मी तोंड उघडायच्या आत ते सांगायचे, "हो, सकाळ-संध्याकाळ." गाडीत बसल्यावर मी विचारलं की म्हणायचे, "तिला पटणार नाही. ती तिचं पुस्तक सांगणार. तुला पोर हवंय की पुस्तक?"

मी गप्प बसले. ह्यातला तो वाटा माझा, तो मी नाकारत नाही.

सातव्या महिन्यात एकदा अंग पुसताना मी माझी मांडी पाहिली. आत्या साबण आणायला गेल्या होत्या. पोट वर आलेलं आणि खाली पाय असे, की तुरीची काठी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलीय. कातडी लोंबत होती. मी बोटांनी दाबलं तर हाडच लागलं. ती मांडी माझी आहे हे मला पटेना. पण पोटात पोर हालत होती, म्हणून मी नजर काढून घेतली. बाळंत झाल्यावरही आत्यांच्या आधारानं, भिंतीला धरून संडासापर्यंत जायचं, एवढंच माझं चालणं.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी यजमानांनी माझ्यापुढं टाईप केलेला कागद ठेवला. राजीनामा. खाली माझं नाव, सहीची जागा मोकळी.

"रजा संपायला तीन महिने आहेत अजून," मी म्हटलं.

"तीन महिन्यांनी काय होणार आहे? काल पाटावरून उठता आलं नाही तुला. बसमध्ये आठ तास उभी राहणार आहेस?" आवाज चढलेला नव्हता. उलट मऊच होता. त्याच मऊपणाची मला चीड आली. "कुणी तुला दोष देत नाही जयमाला. देवानं पोर दिलं, शरीर घेतलं. एवढं मान्य कर."

"सही नंतर करीन," मी म्हणाले आणि कागद गादीखाली सरकवला.

त्या दिवशी सोनाक्का मालिशला आली. बाळंतिणी आणि बाळं चोळण्यात तिचं आयुष्य गेलेलं. सत्तरीची असेल, पण उकिडवी बसली की तासभर हलायची नाही. पोरीला न्हाऊ घालून झाल्यावर ती माझ्या पायांशी बसली, तेल लावलं आणि एकदम थांबली.

"बाई, एक इचारू? रागाला येऊ नगंस."

"विचार."

"रोज चोळती मी ह्या मांड्या. तेल वाया चाललंय. आजवर पाचशे तरी बाळंतिणी चोळल्या असतील. तेलानं कातडी मऊ पडती. मांडी तेलानं येत न्हाई. मांडी उठ-बस करून येती."

"उठताच येत नाही गं मला."

"येत न्हाई म्हून झोपायचं, आन् झोपलं म्हून येत न्हाई." तिनं हात पुसले. "माझा बैल एका पावसाळ्यात पाय मोडून दावणीला पडला. पाय जुळला, पर बैल उभा ऱ्हाईना. म्हाताऱ्यानं त्याला रोज दोराच्या झोळीत घालून उभा केला. आधी चार घटका, मग आठ. धा पावलं, मग ईस. दसऱ्याला जुपला की त्याला! जनावराला कळतं, तुला का कळू नये? आधी डॉक्टरणीला इचार टाक्यांचं. ती हो म्हणाली की लाग."

चार दिवसांनी सहा आठवड्यांची तपासणी होती. दुकानात खताची गाडी आलेली, त्यामुळं यजमानांना येता आलं नाही. आत्या आल्या आणि पोरीला घेऊन बाहेर बाकावर बसल्या. पहिल्यांदाच मी बागवानबाईंसमोर एकटी होते.

"टाके छान भरलेत," त्या म्हणाल्या. "उतर खाली."

मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून उतरले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"त्या खुर्चीत बस. आता हातांची घडी घाल. हात न लावता उठ."

तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी मला रडू आलं.

"गरोदरपणात किती चालत होतीस? खरं सांग."

"एक पाऊलही नाही," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. भांड्याचं, सोलापूरच्या डॉक्टरांचं, गाडीतल्या बोलण्याचं.

बागवानबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या फार रागावल्या होत्या, पण कुणावर ते बोलून दाखवलं नाही. "हे बघ. स्नायू असतात ना, ते कामावरच्या माणसासारखे असतात. काम नसलं की शरीर त्यांना फुकट पोसत नाही. तरण्याताठ्या माणसालाही पंधरा दिवस अंथरुणात ठेवलं तरी मांडी उतरते. तुझे तर साडेसहा महिने गेलेत. ह्याला आजार म्हणत नाहीत आणि दैवही म्हणत नाहीत. तुझे पाय नासलेले नाहीत, उपाशी आहेत."

"परत येतील?"

"येतील. गेले त्यापेक्षा हळू येतील, पण येतील. गोळीनं नाही. तुलाच उठावं लागेल."

त्यांनी कागदावर लिहून दिलं. खुर्चीवरून उठ-बस, सुरुवातीला हाताचा आधार घेऊन पाच वेळा, दिवसातून तीनदा. भिंतीला धरून टाचा उचलणं. उंबऱ्यावर एक पाय चढवणं, उतरवणं. रोज चालणं, दर आठवड्याला थोडं वाढवून. जेवणात अंडी, डाळ, मटकी, शेंगदाणे. दुखलं तर चालेल, पण टाक्याजवळ ओढलं तर थांबायचं आणि दाखवायला यायचं. खाली सही आणि शिक्का. एरवी असे कागद यजमानच घ्यायचे; ह्या वेळी तो मी माझ्या हातात घेतला.

घरी येऊन मी मधल्या खोलीत लाकडी खुर्ची ओढली आणि सुरू केलं. लपून नाही, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

"टाके उसवतील गं!" आत्या धावत आल्या.

"डॉक्टरबाईंनी लिहून दिलंय, आत्या."

"शहाजी म्हणतो, तिला काय कळतंय."

"मग शहाजीरावांना विचारा, माझ्या मांड्या कुठं गेल्या त्या."

पहिल्या दिवशी पाच उठ-बशींना मला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी संडासात बसवेना इतके पाय भरून आले. यजमान संध्याकाळी दुकानातून आले की दारात उभे राहून बघायचे. एकदा फक्त म्हणाले, "हा हट्ट कुणाला दाखवायला चाललाय?" मी मोजत होते, म्हणून उत्तर दिलं नाही. सात, आठ.

त्या मोजण्यात माझा सगळा राग गेला. राग नसता तर मी तिसऱ्या दिवशी सोडलं असतं. खरं सांगते, पोरीच्या मायेनं मी नाही उठले. मी उठले ती संतापानं. पोर रडायची, आत्या तिला घेऊन खोलीभर फिरायच्या, आणि माझी पोर माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या खांद्यावर शांत व्हायची. "दे इकडं" म्हटलं की, "बस खाली, मग देते." मी खाली बसायची. मांडी घालून तिला पाजायची आणि आतल्या आत जळायची.

तिसऱ्या आठवड्यात हाताचा आधार सुटला. पाचव्यात उंबरा सोपा झाला, म्हणून गच्चीच्या जिन्याला हात घातला. सोनाक्काचा चाळीस दिवसांचा रतीब संपला होता, तरी ती येता-जाता डोकावायची आणि माझी मांडी चिमटून बघायची, बाजारात वांगं बघतात तशी. "भरायला लागलीय," म्हणायची. तेलाच्या रिकाम्या पाच लिटरच्या डब्यात मी पाणी भरलं आणि तो छातीशी धरून उठायला लागले. पोरीचंही वजन साधारण तेवढंच होतं तेव्हा. आत्या बघत बसायच्या. एक दिवस त्यांनीच न सांगता हुलग्याचं माडगं करून माझ्यापुढं ठेवलं. म्हणाल्या, "पी. बैलाला घालतात हुलगं."

अकराव्या आठवड्यात मी एकटी चालत दवाखान्यात गेले. दीड किलोमीटर. कामावर रुजू व्हायला डॉक्टरांचा दाखला लागणार होता.

बागवानबाईंनी मला खुर्चीवर बसवलं आणि हातांची घडी घालून दहा वेळा उठायला लावलं. मग दवाखान्याचा जिना दोनदा चढायला लावला. मी घामाघूम होऊन परत आले तेव्हा त्या हसत होत्या.

"फिट," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "चला, शेवटी हा दाखला मागितलास ते बरं झालं. त्या दुसऱ्या दाखल्याला मी तेव्हा नाही म्हणाले, त्याचा राग नाही ना आला?"

"कुठल्या दाखल्याला?"

त्यांनी मान वर केली. "तुझे यजमान आले होते की. तूच पाठवलंयस म्हणाले. उभं राहण्याचं काम ही बाई यापुढं कायमचं करू शकणार नाही, असं लिहून द्या म्हणत होते. मी म्हटलं, असं काही झालेलंच नाही तिला, मी कसं लिहू?"

"कधी?" मी विचारलं. "कधी आले होते?"

त्यांनी फाईल चाळली. "तुला पाचवा लागला होता. हे बघ, त्या दिवशी मी नोंद करून ठेवलीय. मंगळवार, अकरा तारीख."

ती तारीख मला सांगायची गरज नव्हती. त्याच आठवड्यात घरात भांडं आलं होतं.

दवाखान्यातून घरी मी कशी आले ते आठवत नाही. इतकंच आठवतं, की मी कुठंही टेकले नाही. जेवणाची वेळ होती. यजमान ताटावर बसलेले, आत्या भाकरी वाढत होत्या, पोर झोळीत झोपलेली. मी दाखला त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

त्यांनी वाचला. "बरं. पण मी सांगतो ऐक…"

"सोलापूरच्या डॉक्टरांचं नाव काय?"

"कुठल्या?"

"फाईल दाखवलीत ते. पाय जमिनीला लावू नको म्हणाले ते. नाव सांगा. मला त्यांना जाऊन भेटायचंय."

त्यांचा घास हातातच राहिला. आत्या आधी माझ्याकडं बघत होत्या, मग मुलाकडं बघायला लागल्या.

"बागवानबाईंनी दाखला दिला नाही," मी म्हणाले. "ही बाई उभी राहू शकत नाही, असं त्या लिहीनात. म्हणून तुम्ही मला तशी करून ठेवलीत. कागद मिळाला नाही, तर माणसालाच झोपवलंत."

"तुझ्या जिवासाठीच केलं! दोनदा गेलं होतं आपलं…"

"जिवासाठी पंधरा दिवस केलंत. पुढचं कशासाठी?"

ते उसळून उभे राहिले. "मग ऐक कशासाठी! गिऱ्हाईकं तोंडावर बोलत नाहीत, पाठ फिरली की हसतात. शहाजीची बायको दांडीला लोंबकळती म्हणतात. ऐंशी गड्यांच्या गर्दीत घुसती म्हणतात. मी रोज दुकानात बसून तुझी गाडी जाताना बघायची? सांगून तू सोडणार होतीस का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग!"

चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला. आत्यांनी तवा उतरवला नाही.

"शहाजी," त्या म्हणाल्या, "कुठला डॉक्टर होता?"

"आई, तू मध्ये पडू नको."

"मी मधीच होते की रं. साडेचार महिनं मीच होते मधी." म्हातारीचा आवाज कापत होता, पण रडका नव्हता. "ह्या गुडघ्यांवर मी भांडं उचललं. रोज. वाटलं, नातवंडासाठी करतीय. देवाला हात जोडून करतीय. आन् तू माझ्या हातानं हिचं पाय काढून घेतलंस? तुझी आई काय चोर हाय?"

"तसं नाही आई…"

"गप. एक अक्षर बोलू नगंस."

त्या झोळीपाशी गेल्या, झोपलेल्या पोरीला उचललं आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी खाली बसायला लागले, सवयीनं.

"बसतीस कशाला?" त्या माझ्यावर खेकसल्या. "उभ्यानं घे. तुझी पोर हाय."

मी घेतली. पोर झोपेतच माझ्या खांद्यावर मान टाकून राहिली. शहाजीराव ताट तसंच टाकून दुकानात गेले.

पुढच्या सोमवारी मी डेपोत रुजू झाले. पहिलीच ड्यूटी आटपाडीची, जाऊन-येऊन दोन फेऱ्या. मुलाणीभाऊंनी पुढची सीट मोकळी ठेवली होती. म्हणाले, "ताई, आज बसा जरा." मी नको म्हटलं. दुसऱ्या फेरीला पोटऱ्या ठणकायला लागल्या, पावलं बुटात मावेनात. गाडी यजमानांच्या दुकानावरून गेली तेव्हा मी मागच्या दारात उभी होते आणि एका म्हातारीचं अर्धं तिकीट फाडत होते. त्यांनी पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. मी बघितलं नाही.

संध्याकाळी घरी आले ती भिंतीला पाठ लावून बसले. बूट काढायचंही त्राण नव्हतं. आत्या पोरीला घेऊन शेजारी गेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच. शहाजीराव मोरीत गेले, बादलीत कढत पाणी ओतल्याचा आवाज आला. त्यांनी बादली आणून माझ्यासमोर ठेवली, मीठ टाकलं आणि बाजूला उभे राहिले.

मी बूट काढले आणि पाय पाण्यात सोडले. पाणी अगदी पाहिजे तितकंच गरम होतं. ते वाट बघत होते, मी काहीतरी म्हणीन म्हणून.

मी काही म्हटलं नाही. अठरा वर्षं झाली, संसार झाला, पोर कॉलेजात गेली. ते अजूनही माझ्या ड्यूटीनंतर बादली भरतात. आणि बरं वाटलं, हे दोन शब्द मी त्यांना अजून दिलेले नाहीत.